समोरचा दात

परभणीची गाडी लागली तेव्हा
कुणीतरी खिडकीतून पोतडी आत ढकलली
आणि माईक उसळून माझ्या तोंडावर आला.
एवढंच.
एकोणीस वर्षं ज्याच्यात बोललो
त्यानंच दात पाडला.

तेव्हापासून स निघत नाही, शिट्टी निघते.
आणि जिंतूर स्टँडावर स वाचून भागतंय कुठं?
सेलू आहे, सोनपेठ आहे, संभाजीनगर आहे,
सामान सांभाळा आहे.
सोमवारी मी सेलू म्हणलो
तर ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरची शिट्टी,
त्यानं गाडी मागं घेतली
थेट रसवंतीच्या टेबलापर्यंत.

प्रयाग म्हणली, ऱ्हाऊ द्या की तसंच,
आता कुणाला दाखवायचाय.
म्हणायली अन् पदराआड हसायली.

डॉक्टर अंजुम काझी,
मोंढ्याच्या रस्त्याला, खताच्या दुकानावर.
तोंडात आरसा घालून म्हणाल्या,
काढता-घालता येणारा स्वस्तात बसेल,
रात्री वाटीत, पाण्यात ठेवायचा.
मला वाटलं, ही तर रुमाल टाकून धरलेली जागा.
जागा धरलीय, बसलेलं कुणीच नाही.

नाहीतर ब्रिज.
शेजारचे दोन घासून बारीक करायचे,
तिसरा त्यांच्या आधारानं.
"त्या दोघांना काय झालंय?"
"काही नाही. चांगले आहेत."
मग त्या पुढं काय बोलल्या, ध्यानात नाही.
सरका, म्हाताऱ्याला टेकू द्या, असं
मी जन्मभर ओरडत आलो,
पण सरका म्हणलो.
अंग सोलून जागा करा
असं कुणाला म्हणलो नाही.

राहिला स्क्रू.
हाडात बसवायचा, तीन-चार महिने वाट बघायची,
हाडानं त्याला आपला म्हणलं की वर दात.
आकडा त्यांनी कागदावर लिहिला, तोंडानं सांगितला नाही.
त्यात माझे दोन दिवाळीचे बोनस मावले असते.
मी कागदाची घडी केली. उलगडली. परत केली.
बसवा म्हणलो.

चार महिन्यांनी रंगाची पट्टी निघाली.
सोळा दात ओळीनं, पांढऱ्याच्या सोळा तऱ्हा.
एकही माझा नाही.

आमच्या कवठ्याला बोअरचं पाणी.
त्यानं सगळ्या गावाच्या दातांवर
तांबूस पट्टे ओढलेत,
चहाच्या कपाला आतून बसतात तसे.
लांबच्या धाब्यावर माणूस हसला
तरी कळतं, हा आपल्याकडचा.
द्रौपदाला बघायला आलेले तिघं
ह्या पट्ट्यापायीच पोहे खाऊन गेले ते गेले.
ती तोंडावर हात धरून हसायची.
नातू झाला, हात अजून तिथंच आहे.

"पांढरा घेऊ," डॉक्टर म्हणाल्या,
"बाकीचे पण उजळून देते."
मी म्हणलो, मॅडम, पट्टा ओढून मिळंल का?

त्यांनी मास्क खाली केला.
"लोक तो घालवायला येतात हो."
"येऊ द्या."

मग त्या लेकीच्या कंपासमधली
तपकिरी पेन्सिल घेऊन बसल्या.
पहिला पट्टा फार सरळ आला.
मी म्हणलो, असा नाही, डावीकडं उतरता,
अन् खाली जरा पुसट,
पाणी आटत गेल्यावाणी.
लॅबवाल्याचा दोनदा फोन आला,
चूक झालीय का म्हणून.

दात बसला त्या दिवशी म्हणाल्या, बोला काहीतरी.
काय बोलणार?
खुर्चीत आडवा पडूनच सुरू झालो:
सेलूमार्गे पाथरी, सोनपेठ, परळीकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक सात वर उभी आहे,
प्रवाशांनी सामान सांभाळून…
सगळे स जागच्या जागी.

बाहेर बाकावर दाढ धरून बसलेली एक म्हातारी
पिशवी उचलून
जिना उतरायला लागली होती.